शब्दवेध : दर्जा

वेरूळची लेणी दाखवायला पर्यटकांना छत्रपती संभाजीनगरात आणणारी ‘डेक्कन ओडिसी’ २००४ साली रुळांवर आली. या आलिशान रेल्वेगाडीतही दर्जे आहेत : डिलक्स केबिन आणि त्याहून ऐसपैस प्रेसिडेन्शियल सूट.

‘दर्जा’ मूळचा अरबी. ‘दरजा’ म्हणजे जिन्याची पायरी. फारसीमार्गे तो दख्खनेत आला आणि मराठीत मुरला. पायरीवरून माणसाची जागा ठरवणं मराठीलाही परकं नव्हतं. ‘पायरी ओळखून वाग’ असं आपण दरडावतोच.

रेल्वेतही अशा पायऱ्या होत्याच. रेल्वेच्या तिसऱ्या दर्जाच्या डब्यातली रेटारेटी आणि घाण महात्मा गांधींनी १९१७ मध्ये लेख लिहून चव्हाट्यावर आणली. तो दर्जा १९७४ मध्ये रद्द झाला, पण ‘थर्ड क्लास’ ही हेटाळणी अजून आपल्या तोंडी आहे.

जास्त पैसे मोजणाऱ्याला मोठी खोली मिळावी, यात गैर काही नाही. स्वच्छ पाणी, स्वच्छ संडास आणि अदबीची वागणूक मात्र प्रत्येक तिकिटावर मिळायलाच हवी. तिथे पायऱ्या नकोत.