सिंह दिसले, चाक कुठं गेलं?

नव्या संसद भवनाचा विषय निघाला की आपल्याकडं पहिलं वाक्य ठरलेलं असते: सागवान आपलं आहे! सरकारी माहितीत ते 'नागपूरचं सागवान' आहे. आता नागपूरच्या बाजारात सागवान कुठल्या जंगलातून येते, हे आलापल्ली-बल्लारपूरवाल्यांना सांगायची गरज नाही. अभिमान जरूर बाळगा. पण त्या इमारतीशी आपलं नातं लाकडापेक्षा जुनं आहे, आणि ते छतावर बसलं आहे.

छतावरचे सिंह 6.5 मीटर उंच, 9500 किलो ब्राँझचे. 11 जुलै 2022 ला अनावरण झालं आणि सिंह रागीट दिसतात की शांत, यावर देशभर भांडण जुंपलं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, कोर्टानं याचिका फेटाळली. मला विचाराल तर त्या भांडणात खरा प्रश्न राहूनच गेला.

अशोकाच्या सारनाथच्या मूळ स्तंभावर सिंह सगळ्यात वर नव्हतेच. त्यांच्या पाठीवर एक मोठं धर्मचक्र होतं, 32 आऱ्यांचं मानलं जाते. ते फुटलं. उत्खननात त्याचे फक्त तुकडे मिळाले. 26 जानेवारी 1950 ला आपण राजमुद्रा स्वीकारली ती या फुटलेल्या रूपावरून. म्हणून आज सिंह वर आणि चाक त्यांच्या पायाखालच्या पट्टीवर. मूळ रचनेचा अर्थ मी असा लावतो, की सिंह म्हणजे सत्ता, आणि सत्तेच्या डोक्यावर धर्म, म्हणजे नीती, कायदा. पूजापाठ नव्हे.

हे नुसतं शिल्पातलं नव्हतं, याचा पुरावा आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात सापडला. देवटेक गावची शिळा. वा. वि. मिराशींनी त्यावरचा ब्राह्मी लेख अशोकाच्या काळातला ठरवला. प्राण्यांना पकडू नये, मारू नये, मोडेल त्याला शिक्षा, अशी ती आज्ञा. लेखात चिकंबरी हे गाव येते. तेच आजचं शेजारचं चिकमारा. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांआधी आपल्या झाडीत, जनावराच्या जिवासाठी सरकारी हुकूम दगडावर! सहाशेक वर्षांनी त्याच दगडावर वाकाटक राजा रुद्रसेनानं आपल्या धर्मस्थानाचा लेख कोरला. एका शिळेवर दोन राजवटी.

भद्रावतीत आपण पाहुण्यांना विजासनच्या लेण्या दाखवतो, बुद्धमूर्तीसमोर फोटो काढतो. देवटेकचं नाव मात्र किती जणांनी ऐकलं? शिळा नागपूरच्या संग्रहालयात आहे. ती परत आणा असं मी म्हणत नाही, तिथं ती सुरक्षित आहे. पण तिची एक दगडी प्रत आणि खाली साध्या मराठीत अर्थ, एवढं विजासनच्या पायथ्याशी लावायला किती खर्च येते? येत्या ग्रामसभेत, नगर परिषदेत कोणी हा विषय मांडणार असेल तर कमेंटमध्ये सांगा. अर्ज लिहून द्यायला मी तयार आहे.