चेहरा आणि आवाजावरून माणसाची ओळख कशी पटते?

नवी दिल्ली : रेल्वे स्थानकाच्या गर्दीत आप्ताचा चेहरा क्षणार्धात ओळखू येतो, दूरध्वनीवर नुसत्या ‘हॅलो’वरून पलीकडे कोण आहे ते कळते. मात्र एकदाच पाहिलेल्या परक्या माणसाबाबत हीच क्षमता अनेकदा दगा देते. साक्षीदाराच्या ओळखीवर आरोपीचे स्वातंत्र्य अवलंबून असते, तेव्हा हा फरक निर्णायक ठरतो.

चेहऱ्याची ओळख

मेंदू डोळे, नाक, ओठ सुटेसुटे न पाहता त्यांची परस्पर मांडणी एकसंधपणे टिपतो. त्यामुळेच उलटे धरलेले छायाचित्र ओळखणे कठीण जाते. रॉबर्ट यिन यांनी १९६९ मध्ये हे प्रयोगातून दाखवले. चेहऱ्यांना विशेष प्रतिसाद देणाऱ्या मेंदूतील क्षेत्राचे वर्णन नॅन्सी कॅनविशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये केले.

दृष्टी शाबूत असूनही काहींना परिचित चेहरे ओळखता येत नाहीत. या दोषाला जर्मन मज्जातंतुतज्ज्ञ योआखिम बोडामर यांनी १९४७ मध्ये ‘प्रोसोपॅग्नोसिया’ हे नाव दिले. तो मेंदूच्या इजेमुळे उद्भवतो किंवा जन्मजात असतो. प्रसिद्ध मज्जातंतुतज्ज्ञ व लेखक ऑलिव्हर सॅक्स यांनाही तो होता. अशा व्यक्ती चाल, केशरचना, पोशाख किंवा आवाज यांचा आधार घेतात.

आवाजाची ओळख

स्वरतंतूंची लांबी व जाडी, घसा, तोंड आणि नाकाच्या पोकळ्यांचा आकार तसेच बोलण्याची लय यांतून आवाज घडतो. नवजात बालके अनोळखी स्त्रीपेक्षा आईच्या आवाजाला पसंती देतात, असे १९८० मधील एका प्रयोगात आढळले. तथापि सर्दी, भावनावेग आणि दूरध्वनीवरील मर्यादित ध्वनिकंप्रता यांमुळे आवाज बदलून ऐकू येतो. चेहऱ्याच्या तुलनेत केवळ आवाजावरून ओळखण्यात चूक होण्याचा संभव अधिक असतो.

न्यायालयातील कसोटी

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९८४ मध्ये बलात्कारपीडितेने रोनाल्ड कॉटन यांना आधी छायाचित्रांतून व नंतर ओळख परेडमध्ये गुन्हेगार म्हणून ओळखले. पुढे खरा गुन्हेगार न्यायालयात समोर आणला गेला, तेव्हा तिने त्याला ओळखले नाही. दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढल्यानंतर १९९५ मध्ये डीएनए चाचणीमुळे कॉटन निर्दोष ठरले. साक्षीदार खोटे बोलत नव्हती; वारंवार पाहिलेला चेहराच तिच्या स्मृतीत मूळ चेहऱ्याच्या जागी बसला होता.

भारतात ओळख परेड हा तपासाचा भाग असून तो स्वतंत्र ठोस पुरावा मानला जात नाही. न्यायालयातील साक्षीला त्यातून पुष्टी मिळते. परेडला अकारण विलंब झाल्यास किंवा आरोपी साक्षीदाराला आधीच दाखवला गेल्यास तिचे मूल्य घटते. आवाजाचा नमुना देण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ मध्ये तशी तरतूद आहे.

साक्षीदाराची खात्री आणि ओळखीची अचूकता या दोन भिन्न गोष्टी आहेत. म्हणूनच परक्या व्यक्तीच्या ओळखीला अन्य पुराव्याची जोड आवश्यक ठरते.