नापासांचा आकडा शून्य झाला, म्हणजे मुलं शिकली का?

ग्रामीण प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या शैक्षणिक प्रगतीवर विषय घेणार असाल, तर आधी मोजमापाचा इतिहास बघा. १९२९ च्या हार्टोग समितीच्या अहवालाने दोन संकल्पना रूढ केल्या. गळती, म्हणजे प्राथमिक शिक्षण पुरं होण्याआधीच शाळा सुटणं. आणि स्थगिती, म्हणजे एकाच इयत्तेत वर्षाहून जास्त अडकणं. पुढे कित्येक दशकं अभ्यासकांनी हीच पट्टी लावली.

आता ती जुन्नर-आंबेगावला लावून बघा. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि पुढची काही वर्षं आठवीपर्यंत नापास करणं थांबलं होतं. त्या काळात कागदावरची स्थगिती गेली. पण मूल वाचायला शिकलं का, हे त्यातून कळत नाही.

गळतीचंही तसंच. मूळ आंबेगाव गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. अशा गावच्या जुन्या पटावरून एखादं नाव कमी झालं, तर ती गळती म्हणायची की विस्थापन? पश्चिम पट्ट्यातली काही आदिवासी कुटुंबं मजुरीसाठी नारायणगावकडे उतरतात. मूल सोबत गेलं, तर पटावर नाव राहतं, वर्गात मूल नसतं.

म्हणून प्रश्नावलीत 'पालकांची उदासीनता' हा घटक टाकण्याआधी महिनावार हजेरी काढा. तिच्याशेजारी भातलावणी, हिरडा वेचणी आणि मजुरीचे महिने मांडा. पश्चिमेची डोंगरी गावं आणि पूर्वेची बागायती गावं वेगळी ठेवा. तालुक्याच्या सरासरीत हे मूल हरवतं, आणि दोष मात्र त्याच्या आईबापावर येतो.