ज्याला भाव नाही ते

आमच्या दुकानात ‘कचरा’ हा शब्द चालत नसे. वडील म्हणायचे, "ज्याला भाव आहे ते भंगार. ज्याला नाही ते म्युन्सिपालटीचं." भवानी पेठेत, कासेवाडीच्या तोंडाशी आमची पत्र्याची खोली. छताला टांगलेला मोठा तराजू, खाली पोती. दहावीची परीक्षा झाली त्या सुट्टीपासून मी काट्यावर बसायला लागलो. पुठ्ठा वेगळा, वर्तमानपत्राची रद्दी वेगळी, वहीचा पांढरा कागद वेगळा. पांढरी काच, रंगीत काच. पत्रा, बीड, तांबं, पितळ, आणि अॅल्युमिनियम, ज्याला आमच्या धंद्यात आजही ‘जर्मन’च म्हणतात. दुधाच्या पिशव्या धुतलेल्या असल्या तर एक भाव, आंबट वास येत असला तर दुसरा. हाडंसुद्धा विकली जायची. भाव नाही अशी वस्तू पोत्यात निघाली की वडील ती दोन बोटांनी उचलून दाराबाहेर टाकायचे. तिथून पुढे ती झाडूवाल्याची.

वडिलांचा हा नियम काळ्या दगडावरची रेघ, असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग एकदा रद्दीत पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरचे पुनर्मुद्रित भाग आले. किलोच्या भावाने घेतलेला माल मी विकलाच नाही. इंग्रजी माझं जेमतेम, पण शब्दकोश घेऊन वाचलं. त्यात निघालं की त्या काळी पुण्याची म्युन्सिपालटी ज्याला आपण सर्वांत खालचा कचरा समजू तोच विकत होती. शहराचा मैला गाड्यांनी बाहेर न्यायचा, राख नि केर मिसळून वाळवायचा आणि शेतकऱ्याला खत म्हणून द्यायचा. त्याचं नाव सोनखत. आधी शेतकरी हात लावीनात. विटाळाची गोष्ट होती. पण खडकवासल्याच्या धरणाचं पाणी कालव्याने पूर्वेकडे आलं, ऊस उभा राहिला आणि उसाला खताची भूक फार. मग तेच शेतकरी सोनखताच्या मागे लागले. (सोनं नावात होतं ते होतं. टोपल्या ज्यांच्या डोक्यावर होत्या त्यांच्या घरात त्यातलं किती पोचलं, हे विचारायची गरज नाही.)

म्हणजे नगरपालिका ही मुळात आमच्यासारखीच दुकानदार. तिच्या मालाला गिऱ्हाईक होतं.

हे गिऱ्हाईक कुठे गेलं, याचं उत्तर मला काट्यावर बसून मिळालं, पुस्तकातून नाही. माझ्या लहानपणीच्या कचराकुंडीत राख असायची, पालेभाजीची देठं, भांडी घासायचा काथ्या, फार तर फुटकी कौलं. ते कुजायचं. ऐंशी सालानंतर आमच्याकडच्या पोत्यांत प्लॅस्टिक वाढत गेलं, तसं कुंडीतही. पिशवीत शिळा भात, भातात ब्लेड, वर तोंड गाठ मारून बंद. ज्या खतात काच नि पिशव्या निघतात ते शेतकरी फुकटसुद्धा नेत नाही. ओल्या कचऱ्याचा भाव गेला तो असा, आपल्याच स्वयंपाकघरात. आणि भाव गेला की वडिलांच्या नियमाप्रमाणे वस्तू दाराबाहेर. शहराचं दार हडपसरच्या पुढे, उरुळी देवाची नि फुरसुंगीच्या शिवेवर. तिथला डेपो वाढत १६३ एकरांवर गेला.

आता आमच्या पोत्यांकडे येतो, कारण ती भरत कोण होतं हे सांगायचं राहिलं. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून माणसं पुण्यात उतरली. त्यातल्या मातंग आणि बौद्ध समाजातल्या कितीतरी बायकांना धुण्याभांड्यालाही कोणी उंबऱ्यात घेईना. त्यांनी कुंड्या धरल्या. पहाटे चारला निघायचं, हातात आकडी, पाठीवर पोतं. अकराच्या सुमारास त्या आमच्याकडे यायच्या. ओल्या पुठ्ठ्याला वडील वजनात घट धरायचे. पावसाळ्यात धरायचे ते एकवेळ समजतं. उन्हाळ्यातही धरायचे. मी ते बघत होतो आणि गप्प होतो. दुकान त्यावर चाललं होतं.

आमच्या वहीत या बायकांना नावं नव्हती. उचल दिलेल्या पैशांपुढे वडील लिहायचे: ‘हिरवी पिशवी – ४०’, ‘दोन पोरींची – २५’, ‘पर्वती – ६०’.

पुढे एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या या बायकांना शिकवायला म्हणून आल्या आणि स्वतःच बरंच शिकल्या. काही घरांनी सुका माल वेगळा ठेवून थेट या बायकांच्या हातात द्यायचा, अशी सोय त्यांनी लावून दिली. हे चालू झालं आणि एका उद्योजकाने गाडी आणून दारोदार कचरा उचलायला सुरुवात केली. झगडा उभा राहिला. कुंडीत टाकलेल्या वस्तूवर हक्क कोणाचा? पालिकेचा, ठेकेदाराचा, की जिने ती वीस वर्षं उपसली तिचा? बायका रस्त्यावर उतरल्या. १९९३ च्या मे महिन्यात त्यांचा मेळावा भरला आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. अध्यक्ष डॉ. बाबा आढाव. हमालांचे बाबा आता कचरेवाल्यांचेही झाले, म्हणून आमच्या बाजारात दुकानदार कुजबुजले. वडील म्हणाले, "आता काटा तपासायला येतील." पुढे पंचायतीने स्वतःचं भंगार दुकान काढलं तेव्हा घट धरायची सवय आमची आपोआप सुटली.

१९९५-९६ च्या सुमारास महापालिकेने पंचायतीच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. मला तो दिवस चांगला आठवतो. हिरव्या पिशवीची बाई आली. पोतं उतरवलं नाही. पोलक्यातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढलं आणि ते रिकाम्या पारड्यात ठेवलं. पारडं हललंही नाही. "शेठ," ती म्हणाली, "आता नावानं लिवा." वडिलांनी चष्मा लावला, कार्ड उलटसुलट पाहिलं, फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं. मग वही काढली. ‘हिरवी पिशवी’ खोडलं नाही, पण त्याच्यावर, ओळीच्या वरच्या मोकळ्या जागेत, तिचं पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट. अठरा वर्षं ती आमच्याकडे येत होती.

पुढचं बरंच कागदोपत्री आहे, तेव्हा भरभर सांगतो. सर्वोच्च न्यायालयातल्या खटल्यानंतर २००० साली घनकचऱ्याचे नियम आले आणि ओला-सुका वेगळा करणं कागदावर आलं. २००१ च्या एका अभ्यासात हिशेब मांडला गेला की एक कचरावेचक महिन्याला २४६ रुपयांचं काम पालिकेसाठी फुकट करते, कारण ती उचलते तेवढा माल पालिकेला वाहावा लागत नाही. मला हा आकडा वाचून वडील आठवले. पालिकेच्याही वहीत उधारी होती, फक्त ती लिहिलेली नव्हती. २००७ मध्ये या बायकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था नोंदली गेली, २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. एका बाईकडे दीड-दोनशे घरं, ढकलगाडी, दोन बादल्या. घरोघरचे पैसे तिचे, सुक्या मालाची विक्री तिची, ओला माल पालिकेच्या गाडीत. करार संपतो, मुदतवाढ मिळते, पुन्हा कोणीतरी गाड्यांचा ठेका सुचवतं, पुन्हा बायका महापालिकेच्या दारात बसतात. हक्काचा तो जुना झगडा काही मिटलेला नाही.

उरुळी-फुरसुंगीचे लोक कितीदा गाड्या अडवून बसले, याची गणती मी सोडून दिली. त्यांच्या विहिरींचं पाणी गेलं, आणि ज्या पट्ट्याने पूर्वी पुण्याचं सोनखत भाव देऊन नेलं त्याच पट्ट्यात हे. २०१७ मध्ये ही गावं महापालिकेत घेतली, पुढे वगळली आणि २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगर परिषद झाली. कचऱ्याचा डोंगर तिथेच.

दुकान मी सात वर्षांपूर्वी बंद केलं. जागा भाड्याने दिली, मोबाईलवाल्याला. परवा आमच्या इमारतीत कचरा घ्यायला येणाऱ्या मावशींजवळ जिन्यात उभा होतो. त्या सुकं निवडत होत्या, हात जुनाच, आकडीशिवाय. वेफरचं चकचकीत पाकीट निघालं तेव्हा मी सहज विचारलं, याला काय मिळतं? त्या हसल्या. "मध्ये एका कंपनीच्या पैशानं गोळा करायचो. आता कोण विचारतंय, दादा." मी ते हातात घेतलं. काट्यावर बसायचो तेव्हाची सवय. मुठीत चुरगळून पाहायचं. खरा पत्रा असला तर चुरगळलेला तसाच राहतो, आणि मग त्याला भाव असतो. मी मूठ घट्ट आवळली, सोडली. पाकीट करकरत पुन्हा उलगडलं.

मावशींनी ते माझ्या हातातून घेतलं आणि वेगळ्या पिशवीत टाकलं.