माझगाव गोदी : पाणबुडी बांधणाऱ्या हातांची वाटचाल

भाईंदर-नायगाव खाडीवरून रोज लाखो माणसे लोकलने जातात. याच पाण्यावर एकेकाळी तीन सत्तांचे डोळे लागलेले होते. पलीकडे वसईचा कोट, अलीकडे घोडबंदर आणि उत्तनजवळ चौकच्या टेकडीवरचा धारावी किल्ला. ही ठाणी ज्याच्या हाती, त्याच्या हाती कल्याणहून समुद्रात उतरण्याची वाट. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि खाडीत जहाजबांधणी सुरू केली. त्या कामावर रुई लैतांव व्हियेगश हा पोर्तुगीज होता आणि त्याच्या हाताखाली शेकडो माणसे होती. हे आरमार उद्या आपल्यावरच उलटेल हे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ओळखले. त्यांनी तोफ डागली नाही. १६५९ मध्ये त्यांनी आपली माणसे फितवून काम सोडायला लावले. काम थांबवायला तेवढे पुरेसे होते. तरीही आरमार उभे राहिले, कारण किनाऱ्यावरच्या सुतारांनी आणि दर्यावर्दींनी ते पुढे नेले.

माझगाव गोदीची हकिगत वाचताना हा प्रसंग मला पदोपदी आठवतो.

माझगावला १७७४ मध्ये एक लहानशी सुकी गोदी बांधली गेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, त्यापाठोपाठ साष्टी मराठ्यांच्या हातून गेली आणि तिच्याबरोबर आजच्या मीरा-भाईंदरचा मुलूखही गेला. पुढची दीडशे वर्षे गोदीने मुख्यतः दुसऱ्यांची जहाजे दुरुस्त केली. १९३४ मध्ये ती खासगी कंपनी झाली आणि १९६० मध्ये भारत सरकारने ती ताब्यात घेतली. तिथून खरी वाटचाल सुरू होते. ब्रिटिश आराखड्यावर बांधलेली ‘नीलगिरी’ फ्रिगेट १९७२ च्या जूनमध्ये नौदलात दाखल झाली. त्याच जातीच्या आणखी पाच नौका १९८१ पर्यंत झाल्या. मग १९८३ मध्ये आली ‘गोदावरी’. तिचा आराखडा नौदलाच्या स्वतःच्या माणसांचा होता, क्षेपणास्त्रे सोव्हिएत होती आणि पोटातली बरीच यंत्रे पाश्चात्त्य होती. शीतयुद्धात एकमेकांकडे पाठ करून उभ्या असलेल्या दोन गटांची उपकरणे माझगावच्या कामगारांनी एका नौकेत नांदवली. अलिप्ततेच्या धोरणावर ग्रंथ पुष्कळ आहेत, पण त्या धोरणाचा इतका नेमका, हाताने शिवता येईल असा पुरावा मला दुसरा माहीत नाही.

पाणबुडीची गोष्ट मात्र जास्त कठीण आणि जास्त दुखरी आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या फ्रेंच बनावटीच्या पाणबुडीने आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका अरबी समुद्रात बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. आपल्याकडे तेव्हा पाणबुड्या होत्या, पण त्या सोव्हिएत रशियातून आणलेल्या होत्या. घरी बांधायची विद्या मिळवण्यासाठी १९८१ च्या डिसेंबरात जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी करार झाला : दोन पाणबुड्या कीलमध्ये, दोन माझगावात. कामगार आणि अभियंते जर्मनीत जाऊन शिकून आले. पाणबुडीचे कवच जाड, खास पोलादाच्या कड्या एकमेकींना जोडून करतात. प्रत्येक सांध्याची क्ष-किरणांनी तपासणी होते, कारण शेकडो मीटर खोलीवर चुकलेला एक सांधा सगळ्यांचा जीव घेतो. हे काम कागदावरून येत नाही, हाताला सवय व्हावी लागते. १९९२ मध्ये ‘शाल्की’ आणि १९९४ मध्ये ‘शंकुल’ दाखल झाली. माझगावला पाणबुडी बांधता येऊ लागली होती.

आणि तिथेच काम थांबले. या करारात दलाली दिली गेल्याचे आरोप १९८७ मध्ये झाले होते. संरक्षणमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी चौकशीचा आदेश दिला आणि थोड्याच दिवसांत राजीनामा दिला. पुढच्या दोन पाणबुड्या माझगावात झाल्याच नाहीत. चौकशी व्हायलाच हवी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण चौकशीबरोबर गोदीतले कामही बंद ठेवण्याचा निर्णय देशाला फार महाग पडला. फ्रान्सशी सहा स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार व्हायला २००५ चा ऑक्टोबर उजाडला. मधल्या अकरा वर्षांत कीलला शिकून आलेली कितीतरी माणसे निवृत्त झाली, दुसरीकडे गेली. विद्या पुन्हा पहिल्या धड्यापासून शिकावी लागली. पहिली ‘कलवरी’ २०१२ च्या सुमारास मिळायची होती, ती १४ डिसेंबर २०१७ ला दाखल झाली. तिच्यासाठी निवडलेल्या नव्या टॉर्पेडोंची खरेदीही दुसऱ्या एका दलाली प्रकरणात रद्द झाली होती.

त्यापुढे मात्र गोदीने वेग घेतला, हे अभिमानाने सांगायला हवे. २०१९ मध्ये ‘खांदेरी’ आली. १६७९ मध्ये महाराजांनी इंग्रजांच्या विरोधाला न जुमानता थळजवळच्या ज्या बेटावर किल्ला उभारला, त्या बेटाचे हे नाव. २०२१ मध्ये ‘करंज’ आणि ‘वेला’, २०२३ मध्ये ‘वागीर’. १५ जानेवारी २०२५ रोजी ‘वाघशीर’ पाणबुडी, ‘सुरत’ विनाशिका आणि नवी ‘नीलगिरी’ या माझगावच्या तीन नौका एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या.

शेजारी या काळात थांबलेला नव्हता. ज्या फ्रेंच कारखान्याने आपल्याला स्कॉर्पीन दिली, त्यानेच आधी पाकिस्तानला अगोस्टा पाणबुड्या दिल्या होत्या. कराचीत बांधलेली ‘हमझा’ २००८ मध्ये दाखल झाली, तीही बाहेरच्या हवेविना चालणाऱ्या यंत्रणेसह. साध्या डिझेल पाणबुडीला बॅटऱ्या भरण्यासाठी दर काही दिवसांनी पृष्ठभागाजवळ यावे लागते आणि तेव्हाच ती सापडते. ही यंत्रणा असली की ती दोन-दोन आठवडे खाली राहू शकते. २०१५ मध्ये पाकिस्तानने चीनकडून आठ पाणबुड्या घेण्याचे ठरवले, चार तिकडे बांधलेल्या, चार कराचीत. त्या जातीला त्यांनी ‘हंगोर’ हेच नाव दिले. त्यातला संदेश आपल्यासाठीच आहे.

आपल्या सहापैकी एकही पाणबुडी अशी यंत्रणा घेऊन बाहेर पडली नाही. ती यंत्रणा आपल्याच ठाणे जिल्ह्यात, अंबरनाथच्या नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळेत घडते आहे. इंधन-घटांवर चालणाऱ्या तिच्या नमुन्याची जमिनीवरची चाचणी २०२१ च्या मार्चमध्ये यशस्वी झाली. ती बसवण्यासाठी पाणबुडीचा नवा भाग बांधायचे सुमारे १,९९० कोटी रुपयांचे काम २०२४ च्या डिसेंबरअखेर माझगावला मिळाले. उशीर झाला हे खरे, पण ही विद्या कोणी फितवून परत नेऊ शकणार नाही.

पुढच्या सहा पाणबुड्यांसाठी २०२५ मध्ये माझगाव आणि जर्मनीची टीकेएमएस ही जोडी पुढे आली. टीकेएमएस म्हणजे जुन्या एचडीडब्ल्यूचाच वारस. शिवाय आणखी तीन स्कॉर्पीन घेण्याला संरक्षण खरेदी परिषदेने २०२३ च्या जुलैमध्ये तत्त्वतः मंजुरी दिली. मंजुरी आणि पोलाद कापायचा पहिला दिवस यांत आपल्याकडे वर्षे जातात. ‘वाघशीर’ गेल्यावर माझगावच्या पाणबुडी विभागात कवचाचे सांधे जोडणारे जे वेल्डर आणि फिटर आहेत, त्यांच्यापुढे रोज काम हवे. किंमत, अटी आणि भागीदार यांवर दिल्लीने हवे तेवढे ताणून घ्यावे, पण ही माणसे गोदीत असतानाच सही व्हावी.