गल्लीचा रंग

शहरातली माणसं कशी जगतात हे घरोघरच्या माहितीवरून मोजायचं, या रीतीचं कूळ शोधत गेलं की लंडनच्या चार्ल्स बूथपाशी पोहोचावं लागतं. हा मूळचा लिव्हरपूलचा जहाजमालक. १८८६ साली त्यानं कामाला हात घातला. मुलं शाळेत जातात की नाही हे बघायला स्कूल बोर्डाची माणसं घरोघर फिरत. कोणाच्या घरी कमावतं कोण, खाणारी तोंडं किती, हे सगळं त्यांना ठाऊक असे. बूथनं त्यांना बोलतं केलं आणि नकाशावर एकेका रस्त्याला रंग दिला. अगदी तळाची वस्ती काळी, त्यावरची गडद निळी, मग फिकट निळी. सुखवस्तूंची लाल, श्रीमंतांची पिवळी. लंडनमधले ३०.७ टक्के लोक गरिबीत आहेत, असा हिशेब निघाला. पण मला त्या टक्केवारीपेक्षा नकाशा मोठा वाटतो. लाल हमरस्त्याच्या पाठीमागची काळी गल्ली त्यात स्वच्छ दिसते. वृद्धांना पेन्शन मिळावी म्हणून पुढं बूथ झटला. १९०८ साली तसा कायदा झाला.

पुण्यात याच जातीचं काम अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी उभं केलं. त्यांच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनं १९३६-३७मध्ये कुटुंबाकुटुंबांतून माहिती गोळा केली. त्यातला आर्थिक भाग १९४५ साली छापला गेला, सामाजिक भाग १९५२ साली. १९५६मध्ये फेरपाहणीचं पुस्तकही आलं. त्याच शहराकडे पुन्हा जाऊन काय बदललं हे विचारणं, ही गाडगीळांच्या संस्थेची शिस्त आज फार मोलाची वाटते.

पुढं शहरांची अशी मोजणी सरकारनंही केली. ऑगस्ट २०१८मध्ये केंद्र सरकारच्या ‘ईज ऑफ लिव्हिंग’ निर्देशांकात १११ शहरांत पुणे पहिलं आलं, नवी मुंबई दुसरी. निकष ७८ होते: पाणी, सांडपाणी, वाहतूक, घरं, सुरक्षितता. मात्र इथं राहणं तुम्हाला कसं वाटतं, हे रहिवाशांना विचारून त्याचे गुण धरलेले नव्हते. २०२१च्या मार्चमध्ये आलेल्या पुढच्या निर्देशांकात ही उणीव भरून निघाली. नागरिकांच्या मताला ३० टक्के वजन मिळालं. तरीही गुण अख्ख्या शहराला मिळून एकच. पर्वती पायथ्याच्या झोपडपट्टीत सार्वजनिक संडास कुठं कमी पडतात, हे त्या आकड्यावरून नगरसेवकाला कळत नाही. ते कळायचं तर हे गुण प्रभागवार, जमल्यास गल्लीवार काढून महापालिकेच्या अंदाजपत्रकाशेजारी ठेवावे लागतील.