जुन्या जीपचें एंजिन : दोष आणि त्यांचा शोध

रस्ता संपला कीं मोटार थांबावयाची, हा एके काळीं सर्वमान्य नियम होता. तो ज्या वाहनानें मोडला त्याचें नांव जीप. डोंगर, चिखल आणि नदीचें पात्र तुडवीत जाणाऱ्या ह्या गाडीच्या पराक्रमाच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. परंतु तिच्या इतिहासाचें एक दालन सहसा उघडलें जात नाहीं. रस्त्यापासून दूर नेणारें वाहन कारखान्यापासून आणि कारागिरापासूनही दूर नेत असतें. तेथें एंजिन बंद पडलें, तर काय करावयाचें? ह्या प्रश्नाचें उत्तर ज्या रीतीनें शोधलें गेलें, ती रीत जीपच्या पराक्रमाइतकीच लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

१९४० सालच्या जुलै महिन्यांत अमेरिकेच्या लष्करानें १३५ कारखानदारांकडे चारही चाकांना गति देणाऱ्या हलक्या टेहळणी-गाडीची मागणी केली. पहिला नमुना अमेरिकन बॅन्टम ह्या लहानशा कंपनीनें त्याच वर्षीं २३ सप्टेंबर रोजीं हजर केला. मागाहून विलीज-ओव्हरलँड व फोर्ड ह्या कंपन्यांचे नमुने आले. त्यांत विलीजचें पारडें जड ठरलें तें मुख्यतः एंजिनामुळें. हें एंजिन मूळचें ४८ अश्वशक्तीचें. कंपनीचे मुख्य एंजिनियर बार्नी रूस यांनीं अधिक चिवट धातु, हलके पिस्टन आणि अधिक काटेकोर मापें योजून त्याची शक्ति ६० पर्यंत नेली. पुढें फोर्डनेंही विलीजच्याच आराखड्याप्रमाणें गाड्या बांधल्या. दोन्ही कारखान्यांनीं मिळून युद्धकाळांत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. एका कारखान्याचे भाग दुसऱ्याच्या गाडीला बहुतांशीं चालत असल्यामुळें निकामी झालेल्या दोन गाड्यांतून एक धडधाकट गाडी उभी करणें आघाडीवरही शक्य होई.

परंतु गाड्या लाखोंनीं निघाल्या, तरी कुशल कारागीर कांहीं लाखोंनीं निपजत नाहींत. कालपर्यंत शेतावर वा दुकानांत काम करणाऱ्या तरुणाच्या हातीं यंत्र आलें होतें आणि त्याच्यावर कित्येकांचे प्राण अवलंबून होते. यावर लष्करानें दुरुस्तीचे पांच टप्पे ठरविले. पहिला टप्पा खुद्द चालकाचा, दुसरा त्याच्या पथकाचा, पुढचे दोन शस्त्रागार-विभागाच्या कारागिरांचे आणि अखेरचा मोठ्या तळावरील कारखान्याचा. गाडी सुरू करण्यापूर्वीं, चालतांना, मुक्कामाच्या ठिकाणीं आणि काम संपल्यावर काय पाहावें, हें चालकाच्या पुस्तिकेंत क्रमवार दिलेलें असे. प्रख्यात चित्रकार विल आयस्नर यांनीं 'आर्मी मोटर्स' ह्या लष्करी मासिकांत 'जो डोप' नांवाचा एक वेंधळा शिपाई चितारला. त्याच्या निष्काळजीपणाला हंसतां हंसतां हजारों सैनिक यंत्राची निगा शिकले.

ह्या शिक्षणाचें सार एका वाक्यांत सांगतां येईल : आधीं दोष ओळखावा, मग हत्यार उचलावें. चार सिलिंडरांच्या ह्या पेट्रोल-एंजिनाला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल व हवा यांचें योग्य मिश्रण, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरांत पुरेसा दाब. सुरू न होणाऱ्या एंजिनांत ह्या तिहींपैकीं एक तरी बहुधा कमी असते. प्लगची तार काढून ती धातूजवळ धरली असतां जोरकस ठिणगी उडते कीं नाहीं, कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोंचतें कीं नाहीं, हें कांहीं मिनिटांत पाहतां येतें. दाबाची पहिली कसोटी तर हातालाच होते. ठिणगीचा प्रवाह बंद ठेवून पुढचें हॅन्डल सावकाश फिरविलें, म्हणजे चारही सिलिंडर सारखाच विरोध करतात कीं एखादा ढिला पडला आहे, हें तळहाताला कळतें.

एंजिन चालतें, पण अडखळतें, अशा वेळीं एकेका प्लगची ठिणगी क्रमानें बंद करून पाहावयाची. ज्या सिलिंडराची ठिणगी तोडतांच एंजिनाची गति मंदावते, तो सिलिंडर काम करीत होता. जो तोडल्यानें कांहींच फरक पडत नाहीं, तोच चुकार. मग त्याचा प्लग काढून पाहावा. तो तपकिरी असेल तर प्रकृति ठीक. कोरड्या काजळीनें माखला असेल तर मिश्रणांत पेट्रोल जास्त. तेलानें ओला असेल तर आंतून तेल वर चढत आहे. दाब कमी भरला तर प्लगच्या भोकांतून चमचाभर तेल सोडून तो पुन्हां मोजावयाचा. तो वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. न वाढला तर संशय व्हाल्व्हांवर जातो, आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदमच दुबळे आढळले तर त्यांच्यामधील गॅस्केटवर. वैद्यानें नाडी, जीभ आणि डोळे पाहावे, त्यांतलाच हा प्रकार होय.

ही गाडी हिंदुस्थानच्या परिचयाची झाली तीही युद्धामुळेंच. १९४४ सालीं ब्रह्मदेशांत आगगाडीचीं एंजिनें मिळेनात, तेव्हां जीपला रुळांवरचीं चाकें बसवून तिच्याकडून डबे ओढविण्यांत आले. पुढें १९४०-५० ह्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीनें आयात केलेले सुटे भाग जुळवून मुंबईंत विलीज जीप उभारण्यास आरंभ केला. शेतें, जंगलें व धरणांचीं कामें येथें ती अनेक वर्षें राबली, आणि आजही हौशी लोक जुन्या गाड्या जपून चालवितात.

जुन्या गाडीचे दोष मात्र नव्या गाडीहून निराळे असतात. टाकीच्या तळाशीं सांचलेला गंज पेट्रोलच्या नळींत येतो. साफ केलेला कार्ब्युरेटर चार दिवसांत पुन्हां तुंबतो आणि दोष कार्ब्युरेटरच्या माथीं बसतो. डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्याचें बुश झिजलें कीं तो दांडा डुगडुगतो. मग पॉइंटांतील अंतर कितीही काळजीनें जमविलें तरी टिकत नाहीं. मूळची विद्युद्व्यवस्था सहा व्होल्टची. तेवढ्याच कामाला तींत बारा व्होल्टच्या दुप्पट प्रवाह लागतो. म्हणून एखाद्या जोडावरचा थोडासा गंजही स्टार्टरला नामोहरम करतो, आणि मालक उगीच नवी बॅटरी विकत आणतो. उन्हाळ्यांतील चढावर नळींतच पेट्रोलची वाफ होऊन एंजिन बंद पडतें. त्या वेळीं नवा पंप नव्हे, तर नळीवर गुंडाळलेलें ओलें फडकेंच उपयोगी पडतें.

अंदाजानें एकामागून एक भाग बदलणारा मिस्त्री कधीं कधीं यशस्वी होतो. परंतु दोष कोणता होता हें त्याला अखेरपर्यंत कळत नाहीं, आणि पुढच्या खेपेस तो पुन्हां पहिल्याच पायरीवर उभा असतो. युद्धकाळांतील त्या चालकाजवळ बदलावयास भाग नव्हते, आणि वाट पाहावयास वेळही नव्हता. त्याच्याजवळ होती ती केवळ क्रमानें विचार करण्याची शिस्त. ऐशीं वर्षांच्या जुन्या एंजिनावर ती शिस्त अद्यापि लागू पडते, कारण झिजतात ते लोखंडाचे भाग. दोष शोधण्याची रीत झिजत नाहीं.